चुकीचं बोलणाऱ्या बाई

बाई गेल्यावर त्यांच्या जुन्या कॉलेजनं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मला निरोप आला, 'तुम्ही त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होता, चार चांगल्या ओळी लिहून द्या.' मी दोन दिवस कागद घेऊन बसले. 'प्रेमळ' असं लिहिलं आणि खोडलं. 'मृदुभाषी' लिहिल्यावर मलाच हसू आलं. शेवटी एक खरं वाक्य सुचलं : 'बाई रोज साडेदहाला ऑफिसात येत आणि दिवसभरात कुणाचा ना कुणाचा अपमान केल्याशिवाय घरी जात नसत.' स्मरणिकेवाल्यांनी ते छापलं नाही. त्यांनी बाईंचा एक हसरा फोटो छापला. तो बाईंचा नसावा असा मला अजून संशय आहे.

ऑफिस म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावर दोन खोल्या. बाहेर पाटी होती, 'संशोधन केंद्र'. केंद्रात बाई, मी, एक कपाट आणि खालून सतत वर येणारी हळद. आमच्या फायली पिवळ्या, पंखा पिवळा, शिंका पिवळ्या. एका साहेबांनी एकदा आमचा अहवाल उघडला, बोटं पाहिली आणि म्हणाले, "बाई, सोबत कुंकू पण पाठवत जा."

बाईंनी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या बायका नदीकाठी फिरायला जाऊ लागल्या, भजनाला जाऊ लागल्या. बाईंनी हे केंद्र काढलं. काम काय, तर सांगली-साताऱ्याच्या कोपऱ्यातल्या गावांत जायचं, लोक कशावर जगतात ते बघायचं, सरकार तिथं काय पाठवतं ते बघायचं, आणि या दोन्हींची चुकामूक नेमकी कुठं होते ते लिहायचं. "सरकार पुढच्या दारानं येतं," बाई म्हणायच्या, "तेव्हा माणूस मागच्या दारानं कामाला गेलेला असतो. मग सरकार वहीत लिहितं की घरी कुणी नाही. आपण फक्त मागचं दार दाखवायचं. एवढ्यासाठी पीएचडी लागत नाही, पण नसली तर कुणी ऐकत नाही."

मी उंब्रजची. कराडला एम. ए. करून ताजी ताजी बाहेर पडले होते आणि मला भाषा फार छान येते असा माझा समज होता. पहिला अहवाल मी तीन आठवडे खपून लिहिला. त्याची सुरुवात 'तळागाळातील वंचित घटकांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी' अशी होती. बाईंनी तेवढंच वाचलं.

"हा तळागाळ कुठल्या तालुक्यात येतो?"

मी पानावरचा तो शब्द पुन्हा वाचू लागले.

"तिथं बस जाते का? मुक्कामाची सोय आहे? तू जाऊन आलीस?"

"नाही बाई."

"मग गावाचं नाव लिही. माणसाचं नाव लिही. घटक रसायनात असतात."

'लाभार्थी' या शब्दावर त्यांचा विशेष राग. तो शब्द दिसला की पानावर एवढी मोठी लाल फुली यायची की मागच्या पानावरचा मजकूरही मरायचा. सरासरीचाही तसाच तिटकारा. "तुझं आणि माझं सरासरी माप काढून ब्लाऊज शिवला," त्या म्हणायच्या, "तर तो दोघींनाही बसणार नाही. पण शिंप्याचा अहवाल मंजूर होईल."

स्कूटर चालवणं हा त्यांचा आणखी एक गुन्हा. बाई सावकाश चालवत, हे एक वेळ ठीक. पण मधेच काही सुचलं की भर रस्त्यात, जिथं असतील तिथं थांबत. मागं रिक्षा, सिटी बस, गुळाच्या ढेपा भरलेला टेम्पो, सगळे बोंबलतायत आणि बाई हँडलवर वही ठेवून लिहितायत. एकदा एका रिक्षावाल्यानं ओरडून विचारलं, "ओ मावशी, गाडी बंद पडली का?" बाई म्हणाल्या, "नाही, डोकं चालू झालं." तो बिचारा वळसा घालून गेला.

पण त्यांची खरी करामत बघायची तर गावात बघावी. जगातले सगळे संशोधक गावात जाऊन प्रश्न विचारतात. बाई प्रश्न विचारत नसत. त्या धडधडीत चुकीचं बोलत. आधी पिशवीतून भडंगाचा पुडा काढायचा, समोर ठेवायचा, सगळ्यांच्या तोंडात घास गेला की मग निरागस चेहऱ्यानं काहीतरी अचाट विधान करायचं. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर मी हे पहिल्यांदा पाहिलं. गावापासून तासभर चालत, कर्नाटकाकडे तोंड करून बसलेली धनगरांची पंधरा-वीस घरं. फेब्रुवारीचं ऊन. एका दारात मायाक्का नावाची म्हातारी बसलेली. बाई तिच्याशेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं म्हशींचा धंदा जोरात दिसतो."

मायाक्काचा घास तसाच राहिला. "म्हशी? आवं बाई, हितं प्यायला पानी टँकरनं येतंय, म्हशी कुटनं आनायच्या? मेंढरं हायती आमची!"

"असतील दोन-चार. दिसत तर नाहीत."

"दोन-च्यार! आवं कळपच्या कळप हायत. दिवाळी झाली की निगत्यात. माजा बिरू, त्येची बायकू, समदी तिकडं कृष्णंच्या काठाला. कऱ्हाडाकडं, उंब्रजाकडं. पाऊस पडला की म्हागारी. आता कशी दिसतील?"

अर्ध्या तासात मायाक्कानं सगळा हिशोब उलगडला. कुठल्या वाटेनं जातात, कुणाच्या रानात बसतात, कुठं किती दिवस, कुणी भाकरी देतं, कुणी कुत्रं सोडतं. चाळीस प्रश्नांची छापील पत्रिका माझ्या पिशवीत होती. ती मी बाहेरच काढली नाही.

"मेंढरांना सुई टोचायला कुणी येतं का?" हे मात्र बाईंनी सरळ विचारलं.

"येत्यात की. परवाच आल्ते. डाक्टर, शिपाई, जीपगाडी. हितं आमी म्हातारी आनि चार कोंबड्या. औषद आलं तवा मेंढरं न्हाईत, मेंढरं येत्यात तवा औषद सपल्यालं. गेल्या साली लय मेली. बिरू फोनवर रडत हुता."

संबंधित खात्याचं नाव मी इथं सांगत नाही, कारण तिथले लोक मला अजून ओळखतात. त्यांच्या वहीत त्या वस्तीपुढं लिहिलं होतं : 'जनावरे अत्यल्प. शिबिरास प्रतिसाद नाही. दवाखान्याची मागणी नाही.' शिबिर फेब्रुवारीत का, तर मार्चअखेर. म्हणजे मेंढ्यांनी दिवाळीला न जाता मार्चअखेरपर्यंत थांबायला हवं होतं. गणनाही त्याच सुमाराला झालेली. गावात मेंढी दिसली नाही म्हणून गावाला मेंढी नाही, आणि मेंढी नाही म्हणून औषध नाही. यात कुणी वाईट माणूस नव्हता. वहीप्रमाणं सगळं बरोबर होतं.

परतीच्या बसमध्ये मी उत्साहानं म्हणाले, "बाई, हे लोक अगदीच अदृश्य आहेत नाही?"

"अदृश्य?" बाई खेकसल्या. "एवढा कळप महामार्गावरून जातो, ट्रक थांबतात. अदृश्य कसले? बघणारे झोपलेत." मग पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं होती. मी चौथीत असताना शाळेत गावाचा नकाशा काढला होता. देऊळ, चावडी, विहीर, सगळं. नकाशा ओढ्यापाशी संपला होता. मी गुरुजींना विचारलं, आमचं घर कुठाय? ते म्हणाले, कागद संपला." बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "बौद्ध झाल्यावर आमच्या वडिलांनी घरात पहिली वस्तू काय आणली असेल, तर कागदांचा गठ्ठा. म्हणाले, आता संपणार नाही." मी काहीतरी हळुवार बोलायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "भडंग संपलं का बघ."

पुढच्या आठवड्यात आम्ही उंब्रजला गेलो. माझ्याच घरी. मला लाज वाटत होती, आणि ती वाटायला कारण होतं. आमच्या रानात दर साली ऊस तुटून गेला की मेंढरं बसतात. लेंडीचं खत मिळतं म्हणून आमचे आण्णा मेंढकऱ्यांना धान्य देतात. मी लहानपणापासून ती घोड्यावर लादलेली बिऱ्हाडं, ती वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळीचं कुंपण, ती कोकरं बघत आले होते. एम. ए.ला मी 'ग्रामीण अर्थव्यवस्था' हाच पेपर घेतला होता. पण ही माणसं कुठून येतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी ओसरीवर बसता बसता आण्णांना सांगितलं, "तुमच्या रानात सोलापूरकडचे मेंढकरी येतात म्हणे."

"सोलापूर न्हवं वो, जतकडचा हाय," आण्णा म्हणाले.

"नाव काय त्याचं?"

आण्णा थांबले. "धनगरच म्हनतो आमी. वीस साल झाली, येतोय." मग जरा ओशाळून म्हणाले, "इचारायचं कवा कामच पडलं न्हाई."

रानात गेलो. आणि तो मायाक्काचा बिरूच निघाला. बाईंना याचं काही आश्चर्य वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हातारीनं वाट सांगितली होती. तू लिहून घेतली नव्हतीस." बिरूची सात-आठ वर्षांची पोरगी, रेणी, कोकरांमागं धावत होती. बायको चुलीशी होती. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर मी वही उघडून विचारलं, "एकूण मेंढ्या किती?"

बिरूनं मान हलवली. "मोजायची न्हाईत, ताई."

"अंदाजे सांगा."

"अंदाजं बी न्हाई. मोजली की नजर लागती. माज्या बानं कवा मोजली न्हाईत. सांजचं तोंडं बघतो, कोन न्हाई ते कळतंय."

झालं. आम्ही मेंढ्यांची गणना करायला नव्वद-शंभर किलोमीटर आलो होतो आणि मालक मोजू देईना. मला वाटलं आता बाई चुकीचं काहीतरी बोलतील. त्या बोलल्या नाहीत. त्यांनी दुखरा गुडघा चोळला, ढेकळावर बसल्या आणि म्हणाल्या, "जिवंत नको मोजू. मेलेल्या सांग."

बिरूनं बाईंकडं पाहिलं. मग तो खाली बसला आणि सांगू लागला. एकेक. काळ्या कानाची, तिसऱ्या वेताची, कारखान्यामागच्या रानात गेली. लंगडी होती ती, पर सगळ्यांच्या म्होरं चालायची, पुलाखाली गेली. कपाळावर ठिपका असलेली, बायकोच्या माहेरनं आलेली, हितंच, त्या बांधाला. दोन कोकरांची आई, कोकरं शेळीच्या दुधावर जगवली. सकाळी चरत असायची आणि दुपारपर्यंत पोट फुगून, पाय झाडून संपायची. एक सुई वेळेवर टोचली असती तर टळणारा रोग. "डाक्टरकडं न्हेली व्हती की," बिरू म्हणाला. "हायवेकडंच्या एका दवाखान्यात. त्ये म्हनले, कुटली मेंढरं? म्हनलं जतची. म्हनले, त्यो जिल्हा येगळा. तिकडं न्ह्या."

"मग?"

"मग काय, खांद्यावर हुती, तितंच गेली."

मी लिहीत होते. आण्णा बांधावर उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "त्या बिरूकडं दूध दिऊन ये."

बाईंनी अहवालात तीच यादी लावली. आकडे नाहीत, आलेख नाही. काळ्या कानाची, लंगडी, ठिपक्याची. मी घाबरत म्हटलं, बाई, हे शास्त्रीय वाटत नाही. "शास्त्रीय वाटायला काय करू, पांढरा कोट घालू?" असं उत्तर मिळालं.

बैठक मोठ्या कचेरीत झाली. आमच्या आधी पुण्याहून आलेल्या एका गुळगुळीत सल्लागारानं पडद्यावर चित्रं दाखवली. मेंढपाळांसाठी मोबाइल ॲप. त्यात बाजारभाव, हवामान आणि 'यशोगाथा' नावाचं एक बटण. बाईंनी हात वर केला. "ॲपमध्ये सुई टोचता येते का?" तो म्हणाला, पुढच्या टप्प्यात तसा विचार आहे. हे वाक्य बाई पुढं आयुष्यभर वापरत राहिल्या. चहा कधी येणार, पुढच्या टप्प्यात विचार आहे.

मग आमची यादी साहेबांच्या हातात गेली. त्यांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि हसले. शेजारचेही हसले. साहेब म्हणाले, "बाई, हा अहवाल आहे की मयताची जाहिरात?"

बाई उभ्या राहिल्या आणि यादी मोठ्यांदा वाचायला लागल्या. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. प्रत्येक मेंढीपुढं ती कुठं मेली ते ठिकाण, आणि तिथून सर्वात जवळचा सरकारी दवाखाना किती चालीवर. पहिल्या पानापर्यंत लोक हसत होते. दुसऱ्या पानावर मोबाइल खाली ठेवले गेले. तिसऱ्या पानावर कोपऱ्यातल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "म्हणजे या सगळ्या मेल्या तेव्हा आमच्या दारातच होत्या?"

"दारातच," बाई म्हणाल्या. "फक्त दार साताऱ्याचं आणि मेंढी सांगलीची."

लगेच काही झालं असं कुणी समजू नये. दीड वर्ष गेलं. दोन साहेब बदलून गेले, प्रत्येक नव्या साहेबाला बाईंनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली. तिसऱ्यानं बहुधा ती पुन्हा ऐकावी लागू नये म्हणून सही केली. निर्णय दोनच ओळींचा होता : शिबिर दिवाळीआधी, कळप निघण्यापूर्वी घ्यावं, आणि मेंढकऱ्याला एक कार्ड द्यावं, ते दोन्ही जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत चालावं. त्या कोपऱ्यातल्या डॉक्टरबाईच औषधाच्या पेट्या घेऊन वस्तीवर आल्या. आश्विनातली सकाळ, वाघरीत मेंढरं गच्च उभी, धूळ, बें बें, डॉक्टरबाईंच्या पदराला कोकरू लोंबकळतंय. बाई मला म्हणाल्या, "औषध आणि मेंढी एकाच ठिकाणी! फोटो काढ, कुणी विश्वास ठेवणार नाही."

मी त्या दिवशी भलतीच खुशीत होते. मायाक्काला म्हटलं, "झालं की नाही काम?"

"झालं की," मायाक्का म्हणाली. "लय चांगलं झालं." मग ती बाईंकडं वळली. आवाजात राग नव्हता. "बाई, तुमच्या कागदात माज्या लंगड्या मेंढीचं नाव हाय. समदी म्हनत्यात, सायबापुढं वाचलं. माज्या रेणीचं नाव साळंत न्हाई. दिवाळीला ह्येंच्या मागनं जाती, पावसात येती. मास्तर म्हनतोय, हजर न्हाई, नाव काडलं. त्येची यादी कोन करनार?"

बाईंकडं सगळ्यासाठी उत्तर असायचं, निदान अपमान तरी. त्या दिवशी त्यांनी वही उघडली आणि तशीच मिटली. दोन साल आम्ही त्या कळपामागं हिंडलो होतो. रेणी प्रत्येक वेळी समोर होती, कोकरांमागं धावत. मी तिला खाऊ दिला होता. बाईंनी तिच्याकडून मेंढ्यांची नावं विचारून घेतली होती. ती शाळेच्या दिवशी शाळेच्या वेळात रानात काय करते, हे दोन अर्थशास्त्री बायकांना सुचलं नव्हतं.

 दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले तर त्या माझ्या आधी येऊन लिहीत होत्या. जुन्या अहवालाला एक पान वाढवलं होतं. मथळा : 'आम्हाला काय दिसलं नाही'. ते पान त्यांनी सगळ्या साहेबांना पाठवलं. एकाचा फोन आला, "बाई, स्वतःची चूक असं कुणी स्वतःहून कळवतं का?" बाई म्हणाल्या, "तुम्ही कळवत नाही, म्हणून मला दुप्पट कळवावं लागतं," आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर बाई ऑफिसच्या जिन्यावरून पडल्या. गुडघा आधीच गेलेला होता, आता खुब्याचं हाड गेलं. अंथरुणातून त्या हुकूम सोडत. पौषात बिरूचा कळप आमच्या रानात उतरला तेव्हा पहिला हुकूम आला, "रेणीला उंब्रजच्या शाळेत घाल. नियम काय म्हणतो ते मला सांगू नकोस."

मी, बिरू आणि आण्णा तिला घेऊन शाळेत गेलो. आण्णांना कुणी बोलावलं नव्हतं; पटका बांधून तेच तयार होऊन बसले होते. गुरुजी भले होते, पण त्यांच्यापुढं फॉर्म होता. मुलीचं नाव झालं, बापाचं नाव झालं.

"पत्ता?"

बिरू माझ्याकडं बघायला लागला. जतचा सांगावा तर तो जिल्हा वेगळा. रानाचा सांगावा तर तिथं महिनाभरच. मी नियमाबद्दल काहीतरी पुटपुटायला लागले, तर आण्णा म्हणाले, "माजं घर लिवा. दर साली ह्यो मुक्काम त्येंचा हितंच. इचारलं कुनी तर मला बोलवा."

गुरुजींनी लिहिलं. रेणी वर्गात गेली. बाहेर आल्या आल्या मी बाईंना फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं, आण्णांचं तर जरा जास्तच. मला वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल.

"बसली कुठं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"वर्गात. पुढं की मागं? शेजारी कोण?"

मला माहीत नव्हतं.

"मग तू तिथं बघायला काय गेली होतीस? दारापर्यंत पोचवायला तर जीपगाडीही येते." आणि फोन बंद.

मी चडफडत परत गेले. खिडकीतून पाहिलं. पोरं दाटीवाटीनं पुढं बसली होती, आणि रेणी अगदी शेवटी, दाराशी, बाहेरच्या चपलांजवळ. तिथं बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच जागा शोधली होती. गुरुजींना विचारून मी आत गेले, तिला उठवलं आणि दुसऱ्या रांगेत दोन मुलींच्या मधे जागा करून बसवलं. एकीनं नाक मुरडलं. दुसरी जरा सरकली आणि आपलं पुस्तक तिच्या बाजूला अर्धं ढकललं.